बटाटा खोड आणि रताळं मूळ: ओळखायचं कशावरून?

'बटाटा हे खोडाचे रूपांतर आहे, रताळे हे मुळाचे रूपांतर आहे.' ही दोन वाक्यं शाळेत सगळ्यांचीच पाठ असतात आणि परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. पण त्याच मुलाच्या एका हातात बटाटा आणि दुसऱ्या हातात रताळं देऊन 'दाखव बरं, कशावरून?' असं विचारलं, तर तो गोंधळतो. त्याची चूक नाही. दोन्ही जमिनीखाली वाढतात, दोन्हींत स्टार्च भरलेला असतो, दोन्हींवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो आणि एकादशीला दोन्ही एकाच ताटात असतात.

घोळ होतो तो 'जमिनीखाली असेल ते मूळ' या समजुतीमुळे. आलं, हळद, सुरण जमिनीखालीच वाढतात आणि तिन्ही खोडं आहेत. उलट वडाच्या पारंब्या हवेत लोंबतात आणि त्या मुळं आहेत. जागा बघून ठरवायचंच नाही. बघायचं ते पेर. खोडावर ठरावीक अंतराने पेरं असतात, दोन पेरांच्या मध्ये कांडं असतं, पेरावर पान येतं आणि पानाच्या बगलेत मुकुल, म्हणजे ज्यातून नवा कोंब फुटतो तो बारीक डोळा, असतो. मुळाला हे काहीच नसतं.

एक मोठासा, शक्यतो लांबट बटाटा घ्या. त्याच्या एका टोकाला बारीक खळगा दिसेल, कधी त्यात वाळलेल्या देठाचा तुकडाही असतो. बटाटा झाडाला जोडलेला होता तो इथे. आता दुसरं टोक बघा, तिथे डोळे दाटीने असतात. एक डोळा नीट निरखा. खळग्याच्या कडेला भुवईसारखी बारीक कमान दिसते. ती गळून गेलेल्या खवल्यासारख्या पानाची खूण आहे. कमानीच्या आतल्या खळग्यात मुकुल असतात, बहुतेक वेळा एकाहून जास्त. म्हणजे जास्वंदीच्या फांदीवर जे दिसतं, पान आणि त्याच्या बगलेतला मुकुल, तेच इथे आहे. एक डोळा म्हणजे एक पेर.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर प्रत्येक डोळ्यात एकेक टाचणी टोचा आणि देठाकडच्या टोकापासून सुरुवात करून दोरा एका टाचणीवरून पुढच्या टाचणीवर न्या. दोरा बटाट्याभोवती गोल गोल चढत जातो. फांदीवर पानं ज्या सर्पिल क्रमाने लागतात, त्याच क्रमाने डोळे लागलेले असतात. हा प्रयोग प्रत्येक वर्गात व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्याला एक बटाटा आणि मूठभर टाचण्या पुरतात.

बटाट्याचं झाड मातीसकट अलगद उपटलं तर उरलेली शंकाही फिटते. खरी मुळं बारीक, तंतूंसारखी असतात आणि ती वेगळी दिसतात. मातीत गाडलेल्या खोडावरच्या मुकुलांतून पांढऱ्या आडव्या फांद्या निघतात, त्यांची टोकं फुगतात आणि त्यांचे बटाटे होतात. अशा फुगलेल्या टोकाला ग्रंथिक्षोड म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-खेडकडचे शेतकरी बटाट्याच्या सरीला मातीची भर देतात, त्यामागे हेच आहे: खोडाचा जास्त भाग मातीत जातो आणि पोसणारे बटाटे उजेडापासून झाकलेले राहतात. उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो, कारण त्यात हरितद्रव्य तयार होतं. त्याच वेळी सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं, म्हणून हिरवट बटाटा भाजीत घालू नये.

आता रताळं. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो आणि पेरांपाशी मातीत मुळं सोडतो. खोडातून फुटणाऱ्या अशा मुळांना आगंतुक मुळं म्हणतात. त्यांतली काही अन्न साठवून फुगतात, तीच रताळी. हातात घेऊन बघा: दोन्ही टोकांना निमुळतं, कमानीची खूण कुठेच नाही, पेर नाही, कांडं नाही. त्याऐवजी अंगावर केसासारखी बारीक उपमुळं, नाहीतर ती तुटल्याच्या बारीक खाचा असतात. ताजं रताळं कापलं तर सालीलगत पांढरा चीक येतो, बटाट्याला तो येत नाही.

इथे चौकस मुलं हमखास विचारतात, 'पण रताळ्यालाही कोंब येतात की!' येतात, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. फरक असा की बटाट्याचे मुकुल आधीपासून ठरलेल्या जागी तयार असतात. रताळ्यात ते आधी मांडलेले नसतात. मुळाच्या पेशींतून ते कुठेही नव्याने तयार होतात, म्हणून त्यांना आगंतुक मुकुल म्हणतात. शिवाय कोंब कोणत्या टोकाला येतात तेही बघा. अख्खा बटाटा ठेवून दिला तर कोंब आधी फुटतात ते झाडापासून लांबच्या टोकाला, कारण ते फांदीचं शेंड्याकडचं टोक असतं. रताळ्याला कोंब येतात ते मुख्यतः वेलाला जोडलेल्या टोकाकडे. मुळाची वाढ दुसऱ्या टोकाने होते, कोंब वेलाच्या बाजूने येतात. दोन्ही एकाच टोपलीत काही आठवडे ठेवून हे घरी बघता येतं.

लागवडीतही फरक आहे. बटाट्याचं बेणं कापताना प्रत्येक फोडीला निदान एक डोळा राहिला पाहिजे. रताळ्यासाठी साधारणपणे वेलाचे तुकडे लावतात. साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कसावाही मूळच आहे आणि त्याची लागवडही खोडाच्या कांड्यांनी करतात. बागेतल्या डेलियाचं गाठोडं वेगळं करताना तर प्रत्येक फुगलेल्या मुळाला जुन्या खोडाचा मुकुल असलेला तुकडा राहिलाच पाहिजे. डेलियाचं नुसतं मूळ कितीही टपोरं असलं तरी त्यातून झाड उगवत नाही.

कूळही वेगळं. बटाटा वांगी, टोमॅटो, मिरचीच्या कुळातला. त्याचा पाला विषारी असतो. रताळं गारवेलीच्या कुळातलं. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात.

परीक्षेत 'कारणे द्या' असा प्रश्न आला तर नुसतं 'बटाटा जमिनीखाली वाढणारे खोड आहे' लिहून थांबू नका. डोळा म्हणजे पेर, त्यावर खवल्यासारख्या पानाची खूण आणि बगलेत मुकुल, हे लिहा आणि शेजारी छोटी आकृती काढा. रताळ्यासाठी लिहा: पेरे, कांडी आणि खवलेपाने नाहीत, उपमुळे आहेत, वेलाच्या आगंतुक मुळांपासून तयार होते. मग स्वयंपाकघरातलं आलं उचला आणि त्याच्या अंगावरची आडवी वलयं मोजा. प्रत्येक वलय म्हणजे एक पेर.