'आपल्याकडे हे नव्हतंच' : एक खोटा इतिहास

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून नौपाड्यातल्या कट्ट्यांपर्यंत ठाण्यात एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: समलैंगिक, तृतीयपंथी ही पश्चिमेची थेरं, आपल्याकडे हे नव्हतंच. हे साफ खोटं आहे.

पश्चिमेकडून आला तो कायदा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेतलं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळीक मिळाली ती ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.

त्याआधीचं काय? रूथ वनिता आणि सलीम किदवई या अभ्यासकांनी २००० साली प्राचीन काळापासूनच्या भारतीय साहित्यातले समलिंगी प्रेमाचे उतारे एकत्र छापले. आणि हे तर आपल्याच मुलखातलं: इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये मुंबई इलाख्याच्या दप्तरातून दाखवून दिलं, की मराठा राजवटीत हिजड्यांना इनाम जमिनी होत्या, गावोगाव मागण्याचा हक्क होता. तो मोडीत काढला इंग्रजांनी. मराठी शाळेत हे कुणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इतिहासकार जेसिका हिंची यांचं २०१९ चं पुस्तक इंग्रजी अमलातल्या उत्तर भारतातल्या हिजड्यांबद्दल आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तिथे हिजड्यांची पोलिसी नोंदवही सुरू झाली. नोंद झालेल्याने बायकी कपडे, दागिने घालून रस्त्यावर येणं किंवा पैसे घेऊन नाचणं हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद.