रोमन साम्राज्यकालीन ब्राँझ नाणी : ओळख

ऑगस्टसपासून पुढच्या रोमन सम्राटांनी पाडलेली तांबे, पितळ आणि काशाची नाणी. या सगळ्यांना सरसकट ‘ब्राँझ’ म्हणतात, पण हे नाव ढोबळ आहे. इ.स.पू. २३ च्या सुमारास ऑगस्टसने चलनाची घडी बसवली तेव्हा सेस्टर्शियस आणि ड्युपॉन्डियस ही नाणी पितळेची होती, आस हे नाणे तांब्याचे. सोळा आस मिळून चांदीचा एक डिनेरियस होई.

नवखा माणूस आधी चेहरा पाहतो. पाहावा तो आकार. सुमारे २५ ग्रॅमचा सेस्टर्शियस हातात घेताच कळतो. ड्युपॉन्डियस आणि आस मात्र जवळपास सारखेच, आणि कळक चढला की पितळ-तांबेही सारखेच हिरवे. अशा वेळी डोके पाहावे. नीरोपासून ड्युपॉन्डियसवर बहुधा सूर्यकिरणांचा मुकुट असतो, आसवर पर्णमाला. (घरच्या तांब्यासारखे चिंच-मीठ लावून नाणे घासू नये, कळकाबरोबर अक्षरेही जातात.)

नंतर लेख, म्हणजे कडेने फिरणारी अक्षरे. तो साधारणपणे डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, शब्द तोडलेले असतात आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ येतो. सम्राट ट्राजनच्या एखाद्या सेस्टर्शियसवर नावापुढे ‘सीओएस व्ही’ दिसले (इथे ‘व्ही’ म्हणजे पाच), तर ते नाणे तो पाचव्यांदा कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी, झाल्यानंतरचे, म्हणजे इ.स. १०३ ते १११ मधले. मागच्या बाजूचे ठळक ‘एस सी’ म्हणजे ‘सिनेटच्या ठरावाने’. ‘टीआर पी’ (सम्राटाचा ट्रिब्यूनपदाचा अधिकार) यापुढचा आकडा कॉन्सुलपदाच्या आकड्याहून उपयोगी, कारण तो अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई. चेहऱ्यातून एवढे मात्र कळते की दाढीची रीत हेड्रियनपासून पडली. त्याआधीचे सम्राट बहुतेक सफाचट.

चौथ्या शतकातली लहान नाणी सर्वाधिक सापडतात आणि सर्वाधिक छळतात. चेहरे साचेबंद, नावे कॉन्स्टंटिनस, कॉन्स्टंटियस, कॉन्स्टन्स! मधली दोन अक्षरे झिजली की बाप कोण, मुलगा कोण ते कळत नाही. इथे मागची बाजू कामी येते. ‘ग्लोरिया एक्सेर्कितुस’ (सैन्याचा गौरव) लेखाच्या नाण्यांवर दोन सैनिकांमध्ये दोन निशाणे असली तर नाणे साधारण ३३० ते ३३५ चे. एकच असले तर त्यानंतरचे. चित्राखालच्या पट्टीत टांकसाळीची खूण असते : ‘एसआयएस’ म्हणजे सिस्किया, ‘एएनटी’ म्हणजे अँटिऑक. लिलावातल्या नाण्यांत नेमकी हीच पट्टी अनेकदा नाण्याच्या कडेबाहेर गेलेली असते.

अशी उशिराची नाणी तमिळनाडूत करूर, मदुराई भागात आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने मिळाली आहेत. महाराष्ट्रात धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या. श्रीलंकेत स्थानिक नकलाही निघत. त्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा असतात, त्यामुळे लेख वाचता आला नाही तर दोष दर वेळी झिजेचा नसतो.