हल हाउस

अमेरिकेतील शिकागो शहराच्या हॉल्स्टेड रस्त्यावर जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या मैत्रिणींनी १८ सप्टेंबर १८८९ रोजी सुरू केलेले सेवाकेंद्र. चार्ल्स हल या व्यापाऱ्याने बांधलेल्या जुन्या वाड्यावरून हे नाव पडले. भोवती इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन (चेक) आणि रशिया-पोलंडमधून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती होती.

शिकलेल्या माणसांनी कामगारवस्तीत बिऱ्हाड करून शेजारी म्हणून राहायचे, ही कल्पना ॲडम्स यांनी लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये पाहिली होती. तिथे राहणारे पुरुष होते. शिकागोत मुख्यतः स्त्रिया आल्या. महाविद्यालयात शिकलेल्या अमेरिकन मुलींची ती सुरुवातीची पिढी होती. पदवी हाती होती, पण त्या पदवीला साजेसे काम फारसे कुणी देत नव्हते आणि मताचा अधिकारही नव्हता. बालवाडी, वाचनवर्ग, सार्वजनिक स्नानगृह, नोकरदार मुलींसाठी सहकारी वसतिगृह असे एकेक काम वाढत गेले आणि १९०७ पर्यंत एका वाड्याच्या तेरा इमारती झाल्या.

हल हाउसचे खरे मोठेपण मात्र या उपक्रमांहून वेगळे आहे. शेजारी राहून जे दिसले ते या स्त्रियांनी मोजले, लिहून काढले आणि कायद्यापर्यंत नेले. पहिल्याच नाताळात वाटलेल्या गोळ्या-चॉकलेटांना काही लहान मुलींनी हात लावला नाही. त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबल्यावर त्यांना मिठाई नजरेसमोरही नकोशी झाली होती. त्याच हिवाळ्यात जवळच्या एका कारखान्यात एकाच यंत्राने तीन मुलांना इजा झाली, त्यातला एक दगावला. काही डॉलर खर्चून यंत्राला संरक्षक जाळी बसवता आली असती.

फ्लॉरेन्स केली १८९१ च्या अखेरीस इथे राहायला आल्या आणि या अनुभवांना धार आली. घराघरांत चालणाऱ्या शिलाईकामाची त्यांनी पाहणी केली. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास बंदी घातली, स्त्रियांसाठी आठ तासांचा दिवस ठरवला आणि केली यांनाच मुख्य कारखाना निरीक्षक नेमले. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द केले. हा घाव मोठा होता, पण केली थांबल्या नाहीत. १८९९ पासून न्यूयॉर्कमध्ये ग्राहक संघटनेच्या बळावर त्यांनी तीच लढाई देशभर नेली. वस्तीतल्या घरोघरची मजुरी आणि मूळ देश रंगांनी दाखवणारे नकाशे १८९५ मध्ये पुस्तकरूपाने निघाले.

कचऱ्याचा प्रश्नही असाच. रस्त्याकडेच्या लाकडी पेट्या भरून वाहत आणि मुले त्यांच्यावरच खेळत. १८९५ मध्ये ॲडम्स वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या. पहाटे उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागोमाग फिरत. एका अरुंद गल्लीत अठरा इंच घाण उपसल्यावर खाली फरसबंद रस्ता निघाला!

इथल्या ॲलिस हॅमिल्टन यांनी शिशाच्या विषबाधेचा कारखान्यांत जाऊन माग काढला आणि १९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. इथल्याच जुलिया लॅथ्रॉप १९१२ मध्ये केंद्र सरकारच्या बालक विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. ॲडम्स यांना १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पुढे इलिनॉय विद्यापीठाच्या संकुलासाठी ही वस्ती पाडायचे ठरले, तेव्हा लहानपणी हल हाउसमध्ये येणाऱ्या फ्लॉरेन्स स्काला यांनी शेजारणींना घेऊन न्यायालयापर्यंत झुंज दिली. १९६३ मध्ये त्या हरल्या. तेरा इमारतींपैकी मूळ वाडा आणि भोजनगृह एवढेच उरले असून तिथे आता संग्रहालय आहे.