वस्तुचित्र की स्मरणचित्र : सीमाभागातील अतिवास्तव स्थिरचित्रांच्या शिकवणीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडचे चंदगड या पट्ट्यातील चित्रकलेच्या काही खासगी वर्गांत अलीकडे जलरंगातील अतिवास्तव (सर्‌रिअल) स्थिरचित्रे शिकवली जात आहेत. टेबलावर तांब्या, चादर आणि दोन फळे मांडायची, ती नेहमीसारखी निरखायची, आणि रंगवताना मात्र तांब्या टेबलापासून वीतभर उचललेला दाखवायचा, असे या अभ्यासाचे साधारण रूप असते. त्याला पालकांचा आणि काही जुन्या शिक्षकांचा विरोध होतो, आणि ‘हे परदेशी खूळ आहे’ असे त्याचे कारण बहुधा सांगितले जाते. खरे कारण अधिक जवळचे आहे आणि ते शालेय चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत सापडते.

मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेची शिस्त उचलली होती : भूमिती, मुक्तहस्त रेखन, प्लास्टरच्या नमुन्यांवरून अभ्यास. त्या शिस्तीतून मुंबई इलाख्यातील शाळांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः परीक्षेची चित्रकला, आणि बेळगाव त्याच इलाख्यात असल्यामुळे ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ ही त्या परीक्षेच्या दोन पायऱ्यांची नावे येथेही घरोघरी रुळली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका पलीकडे राहिला. त्या निर्णयाची कहाणी येथील वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. चित्रकलेपुरता त्याचा परिणाम एवढाच, की आज एकाच सतरंजीवर बसलेल्या दोन मुलांपैकी एक कर्नाटकातल्या परीक्षांप्रमाणे ‘लोअर-हायर’ म्हणतो आणि दुसरा महाराष्ट्रातल्याप्रमाणे ‘एलिमेंटरी-इंटरमिजिएट’. मात्र येथील शिक्षकांच्या ज्या पिढ्या मुंबईच्या परीक्षांवर पोसल्या गेल्या, त्यांच्या हाडीमाशी एक भिंत भिनली. वस्तुचित्र समोर पाहून काढायचे, स्मरणचित्र मनातून काढायचे. दोहोंचे कागद वेगळे, वेळ वेगळी, गुण वेगळे. वस्तुचित्रात कल्पना शिरली की गुण गेले, आणि स्मरणचित्रात कोणी समोर बाटली ठेवून बसत नाही. अतिवास्तव स्थिरचित्र या दोन्ही प्रश्नपत्रिका एकाच कागदावर सोडवायला सांगते, आणि अडचण नेमकी तेथे आहे.

त्यात शब्दाने घोळ वाढवला. ‘अतिवास्तववाद’ ही संज्ञा मराठीत पक्की बसलेली आहे आणि घडणीच्या दृष्टीने तिच्यात काही चूक नाही. संस्कृतात ‘अति’ हा उपसर्ग ओलांडण्याचा, पलीकडे जाण्याचा अर्थ देतो. अतींद्रिय म्हणजे इंद्रियांच्या पलीकडचे, अतिक्रमण म्हणजे हद्द ओलांडणे. मूळ फ्रेंच शब्दातील उपसर्गही ‘वरचे, पलीकडचे’ असाच आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलाला ‘अति’ ठाऊक असतो तो ‘अति तेथे माती’मधला. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाचीही सुटका नाही, कारण त्याच्याकडे ‘अतियादरे अमृतवू विष’ ही म्हण आहे, म्हणजे अति झाले की अमृतही विषच. दोन्ही भाषांत ‘अति’ म्हणजे प्रमाणाबाहेर. तेव्हा अतिवास्तव म्हणजे प्रमाणाबाहेर वास्तव, असा सरळ हिशेब मुले करतात. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात हा शब्द पहिल्यांदा फळ्यावर लिहिला, तेव्हा एका मुलीने तांब्याच्या कडेवरचे पोचे आणि चिंचेने घासल्याचे ओरखडेसुद्धा रंगवले आणि विचारले, ‘सर, ह्याच्यापेक्षा खरा तांब्या कसा काढायचा ओ?’ तिचे चुकले नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत छायाचित्राच्या काटेकोरपणाने रंगवण्याची जी रीत पुढे आली, तिला हे नाव अधिक शोभले असते.

म्हणून काही वर्गांत ‘स्वप्नचित्र’ हा शब्द वापरून पाहिला गेला. त्याने नुकसान जास्त केले, असे माझे मत आहे. स्वप्न म्हटले की मुले समोरच्या मांडणीकडे पाठ फिरवतात. ढग, चंद्र, एकटा डोळा आणि वितळलेले घड्याळ हे चार ऐवज प्रत्येक कागदावर हजर होतात. हे घड्याळ १९३१ सालच्या एका तैलचित्रातून जगभर पसरले. ते मूळ चित्र जेमतेम २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या मुलांच्या पाव इंपिरियल कागदाहूनही लहान, हे सांगितले की वर्गात कोणाचा विश्वास बसत नाही. ‘वास्तवातीत’ हा शब्द अर्थाने सर्वांत स्वच्छ आहे, पण तो लेखातच राहिला. प्रत्यक्ष वर्गात आज ‘सर्‌रिअल’ हाच शब्द चालतो आणि त्याने निदान गैरसमज तरी होत नाही.

मूळ चळवळीबद्दल थोडक्यात. शब्द १९१७ साली पॅरिसमध्ये घडवला गेला आणि जाहीरनामा १९२४ चा. १९२५ मध्ये फरशीच्या फळ्यांवर कागद ठेवून घासण्याची आणि १९३० च्या दशकात अपारदर्शक जलरंग दोन पृष्ठांत दाबून सोलण्याची तंत्रे पुढे आली. आपल्याकडे प्राथमिक शाळेतील मुले कागदाखाली नाणे ठेवून पेन्सिल घासतात आणि शाईच्या थेंबावर घडी घालून फुलपाखरू काढतात, तेव्हा ती याच वाटेवर असतात. फक्त त्याला कोणी वाद म्हणत नाही. स्थिरचित्राच्या बाजूने पाहिले तर १९५६ सालचे एक तैलचित्र महत्त्वाचे आहे. त्यात बाटली, चाकू, फळे आणि फुलकोबी टेबल सोडून हवेत तरंगतात. बेळगाव जागचे न हलता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले त्याच वर्षीचे हे चित्र, हा योगायोग वर्गात सांगितला की मोठी माणसे हसतात आणि मुले हसत नाहीत.

या चित्रकारांनी बहुतेक काम तैलरंगात केले, आणि जलरंगाचा पेच तेथूनच सुरू होतो. तैलरंगात चुकलेली कड झाकता येते. पारदर्शक जलरंगात खालचा थर वर दिसतच राहतो, आणि पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. या भागातील शिकवणीवर मुंबईकडच्या पारदर्शक जलरंगाची छाप मोठी आहे. सावंतवाडीत जन्मलेल्या एका चित्रकाराने १९४० च्या दशकात रंगवलेली, दिव्याच्या ज्योतीला हाताचा आडोसा करणारी स्त्री म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे; बोटांतून झिरपणारा तो प्रकाश जलरंगातला आहे, हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. अशा वारशामुळे पोस्टरचा अपारदर्शक पांढरा रंग वापरणे हे येथे अजूनही अर्धे पाप समजले जाते. तो वापरू द्यावा की नाही, यावर शिक्षकांत एकमत नाही. मी देत नाही.

त्याऐवजी जी पद्धत हळूहळू रूढ झाली, ती एकच नियम मोडण्याची आहे. वजन, आकारमान, जागा किंवा द्रव्य यांपैकी एकच गोष्ट खोटी करायची आणि प्रकाश मात्र शेवटपर्यंत खरा ठेवायचा. वर सांगितलेला तांब्या उचलला जातो तो पडछायेच्या जोरावर. टेबलाला टेकलेल्या वस्तूची पडछाया तिच्या बुडापासूनच सुरू होते आणि तेथे तिची कड धारदार असते. वस्तू वर गेली की पडछाया तिच्यापासून सुटते आणि कडेला विरघळते. म्हणून छायेची जागा आधी स्वच्छ पाण्याने ओली करायची, कागदावरची चमक ओसरेपर्यंत थांबायचे आणि मगच रंग सोडायचा. तांब्याचे रेखन जसेच्या तसे राहते, तो फक्त दोन इंच वर सरकतो. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरकडे हे थांबणे अर्ध्या तासाचे होते आणि मुलांचा धीर सुटतो. त्या महिन्यांतल्या कागदांवर पडछायेऐवजी फुलकोबीसारखे डागच जास्त सापडतात.

द्रव्य बदलण्याच्या अभ्यासाला गोकाकने मोठी सोय करून ठेवली आहे. तेथील कारागिरांनी बनवलेली रंगीत खोटी फळे-भाज्या खऱ्यांच्या शेजारी ठेवल्या, तर कोणते फळ पिकेल आणि कोणते पिकणार नाही, हे दुरून सांगता येत नाही. खरा आंबा आणि गोकाकचा आंबा एकाच ताटलीत मांडून, रंगवताना फक्त खोटा आंबा कापलेला आणि त्यातून रस गळताना दाखवा, असे सांगितले की मुलांना व्याख्येची गरज उरत नाही.

या सगळ्याला वेग आला तो २०२० च्या टाळेबंदीत. वर्ग फोनवर गेले, मांडणी घरच्या स्वयंपाकघरातली झाली, आणि शिक्षक समोर नसल्यामुळे मुले ती हवी तशी मोडू लागली. कुकरच्या शिटीतून मोगरा निघाला, कोल्हापुरी चपलेत दही विरजले. त्यानंतरच्या काळात फोनवर वाक्य टाकून तयार चित्र मिळण्याची सोय आली, आणि आता काही मुले तेच पाहून उतरवतात. असे चित्र ओळखणे अवघड नसते : त्यात बहुधा तीन वस्तूंच्या पडछाया तीन दिशांना गेलेल्या असतात.

स्पर्धांची विभागणी मात्र जुनीच आहे. दोन वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत तरंगत्या तांब्याचा एक कागद वस्तुचित्र गटात दिला होता. ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा घेऊन तो परत आला. पुढच्या वर्षी तोच कागद कल्पनाचित्र गटात दिला, तेव्हा परीक्षकांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘पण हे तर समोर ठेवून काढलंय.’