निकाल संघाचा, खेळ क्वार्टरबॅकचा: रुकीला जोखायचं कशावरून?

६ डिसेंबर २०२१ च्या रात्री बफेलोमध्ये इतका वारा होता की चेंडू हवेत टाकणं म्हणजे जुगारच. अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा रुकी (पहिल्याच मोसमातला) क्वार्टरबॅक (पास टाकणारा, हल्ला चालवणारा खेळाडू) मॅक जोन्स याने अख्ख्या सामन्यात फक्त ३ पास टाकले. त्यातले २ पकडले गेले आणि १९ यार्ड मिळाले. बाकी सारा वेळ संघ चेंडू घेऊन धावत राहिला आणि १४-१० ने जिंकला. नोंदीत मात्र हा विजय मॅक जोन्सच्या खात्यावर लागला, कारण एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये) जय-पराजय क्वार्टरबॅकच्या नावावर मांडायची पद्धतच आहे.

रुकीबद्दलच्या बहुतेक चर्चा इथेच भरकटतात. संघाचा निकाल आणि त्या मुलाचा स्वतःचा खेळ यांची सरमिसळ होते. निकाल स्कोअरबोर्डवर दिसतो. खेळ दिसतो तो स्नॅपनंतरच्या, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे आल्यानंतरच्या, अडीच-तीन सेकंदांत. समोरच्या डिफेन्सचा डाव त्याने ओळखला का? पहिल्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) कोणीतरी चिकटलंय हे दिसताच नजर दुसऱ्याकडे गेली का? आणि पास वेळेत सुटला का?

२०२३ च्या ड्राफ्टमधले, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीतले, पहिले दोन खेळाडू घ्या. पहिला ब्राइस यंग, कॅरोलायना पँथर्सकडे. दुसरा सी. जे. स्ट्राउड, ह्यूस्टन टेक्सन्सकडे. दोन सामने झाले तेव्हा दोघांचीही पाटी सारखीच होती: ०-२, म्हणजे विजय शून्य, पराभव दोन. पण खेळ सारखा नव्हता. टेक्सन्सच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधले (क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या फळीतले) बरेच जण जखमी होते, त्यामुळे त्या दोन सामन्यांत स्ट्राउड ११ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला. तरीही दुसऱ्या सामन्यात त्याने ३८४ यार्ड काढले आणि दोन्ही सामने मिळून एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेला पास) दिलं नाही. त्याचं पहिलं इंटरसेप्शन थेट सहाव्या सामन्यात आलं. एवढा मार खाऊनही ज्याचे निर्णय बिघडत नाहीत, त्याच्याबद्दल ०-२ ही पाटी काहीच सांगत नाही. नोव्हेंबरमध्ये टँपा बेविरुद्ध ४६ सेकंद उरलेले असताना टेक्सन्स ३७-३३ ने मागे होते. स्ट्राउडने संघाला ७५ यार्ड पुढे नेलं आणि ६ सेकंद राखून टँक डेलला टचडाउनचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवण्याचा) पास दिला. त्या दिवशी त्याचे ४७० यार्ड झाले, रुकीसाठी हा विक्रम होता.

यंगचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि त्याच्यावर अन्यायही बराच झाला. पहिल्या सामन्यात अटलांटाच्या जेसी बेट्सने त्याचे दोन पास पळवले. बेट्स अनुभवी सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे राहणारा बचावपटू. असे सेफ्टी क्वार्टरबॅकच्या डोळ्यांवरून चेंडू कुठे जाणार ते ओळखतात, आणि रुकी एकाच रिसीव्हरकडे टक लावून बसला की त्यांचं काम सोपं होतं. ही यंगची स्वतःची जबाबदारी. पण त्याला मिळवण्यासाठी पँथर्सनी ड्राफ्टमधल्या संधींसोबत आपला सर्वांत चांगला रिसीव्हर डी. जे. मूरही शिकागोला देऊन टाकला होता. त्या मोसमात यंग ६२ वेळा सॅक झाला आणि कोच फ्रँक राइक यांना मोसम संपण्याआधीच काढलं गेलं. त्याने सुरुवात केलेल्या सामन्यांचा हिशोब २-१४ झाला. त्यातल्या प्रत्येक पराभवाचं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही. २०२४ मध्ये त्याला दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं. परत आला तेव्हा चेंडू लवकर सुटू लागला होता. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात अटलांटामध्येच त्याने ३ टचडाउन पासने आणि २ स्वतः धावून केले, आणि पँथर्स ४४-३८ ने जिंकले.

आता इंटरसेप्शन. क्रिकेटमध्ये चांगल्या चेंडूवर बाद होणं आणि बेजबाबदार फटका मारून बाद होणं यांत आपण फरक करतो, तसाच इथेही करायला हवा. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या पेटन मॅनिंगने १९९८ च्या रुकी मोसमात २८ इंटरसेप्शन दिली. हा नकोसा विक्रम अजूनही त्याच्याच नावावर आहे. संघ ३-१३. क्लीव्हलँडच्या डिशोन कायझरने २०१७ मध्ये २२ दिली, आणि त्याची पाटी ०-१५. नुसते हे आकडे पाहिले तर दोघं एकाच माळेचे मणी वाटतात. पण मॅनिंगने ५७५ पास टाकले, तो फक्त २२ वेळा सॅक झाला आणि २६ टचडाउन पास दिले. कायझर ४७६ पासमध्ये ३८ वेळा सॅक झाला, टचडाउन पास ११. मॅनिंग ठरवत होता आणि चेंडू सोडत होता. त्याचे अंदाज चुकत होते, पण ते पुढे सुधारता येतात. पुढच्याच वर्षी कोल्ट्स १३-३ झाले.

म्हणून मी रुकीची इंटरसेप्शन मोजण्याआधी सॅक कसे झाले ते पाहते. दोन सेकंदांत समोरचा माणूस अंगावर आला तर दोष लाइनचा. चार सेकंद मोकळे मिळूनही चेंडू हातातच राहिला तर दोष त्याचा. २००२ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या टेक्सन्ससाठी डेव्हिड कार ७६ वेळा सॅक झाला. त्यात दोन्ही प्रकार होते, आणि त्या सवयी पुढची काही वर्षं त्याच्या अंगात राहिल्या.

लॉस एंजलिस रॅम्सच्या जेरेड गॉफचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. २०१६ मध्ये तो ७ सामने खेळला, सातही हरला. ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला होता, त्यामुळे त्याला ‘फुकट गेलेला पहिला क्रमांक’ म्हणणारे कमी नव्हते. मग शॉन मॅकव्हे कोच म्हणून आले, लाइनमध्ये अँड्र्यू व्हिटवर्थ आला, नवे रिसीव्हर आले. २०१७ मध्ये त्याच गॉफचे २८ टचडाउन पास आणि ७ इंटरसेप्शन.

ही सरमिसळ यशातही होते. टेक्सन्स २०२३ मध्ये १०-७ होते आणि २०२४ मध्येही १०-७. पाटी पाहणाऱ्याला वाटेल, काहीच बदललं नाही. पण स्ट्राउडची इंटरसेप्शन ५ वरून १२ वर गेली आणि तो ५२ वेळा सॅक झाला.