फ्राक्टूर: मोडलेल्या वळणाची जर्मन अक्षरं

'फ्राक्टूर' म्हणजे मोडलेली. रुंद, सपाट टोकाचा टाक साधारण ४५ अंशांत धरायचा आणि गोलाई एका ओघात न काढता लहान सरळ रेघांमध्ये मोडायची, की प्रत्येक वळणावर कोन उमटतो. आपल्या मोडीचं नावही 'मोडणे'वरून आलं असं मानतात. मात्र मोडीत हात शक्यतो उचलायचा नसतो, आणि इथे तो सतत उचलावा लागतो.

गुटेनबर्गचं ४२ ओळींचं बायबल (सुमारे १४५५) 'टेक्स्टुरा' या थोरल्या बहिणीत छापलेलं आहे. फ्राक्टूर आली सम्राट पहिल्या माक्सिमिलियनच्या १५१३ च्या प्रार्थनापुस्तकातून, आणि पुढची चार शतकं जर्मन माणूस तीच वाचत होता.

आज ती खाणावळींच्या पाट्यांवर, बिअरच्या लेबलांवर, गोंदणात दिसते, आणि बहुतेकदा चुकलेली असते. पहिली चूक 'एस'ची. फ्राक्टूरमध्ये छोटे 'एस' दोन: लांब एस शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये, गोल एस शेवटी. जोडशब्दात पहिला घटक 'एस'ने संपला, तर तिथेही गोलच. 'डब्ल्यू-ए-सी-एच-एस-टी-यू-बी-ई' या शब्दात लांब एस घातला तर 'वाख-श्टूबं', म्हणजे पहारेकऱ्यांची खोली. गोल घातला तर 'वाक्स-टूबं', मेणाची ट्यूब! लांब एस कळफलकावर नसतो, म्हणून सगळीकडे गोल टाकला जातो. तो वेगळा शोधून घालावा लागतो, आणि फॉन्टमध्ये तो आहे का हे आधी पाहावं.

दुसरी चूक सगळा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिण्याची. ही मोठी अक्षरं इतकी नक्षीदार की ओळीने आली तर वाचताच येत नाहीत. जोर द्यायचा तर जुने जुळारी अक्षरांमध्ये अंतर वाढवत. 'सीएच', 'सीके', 'टीझेड' या जोड्या मात्र तेव्हाही फोडत नसत.

या लिपीवर नाझींचा शिक्का बसला आहे, तो अन्यायाचा वाटतो. १९३० च्या दशकात त्यांनी ती मिरवली हे खरं. पण ३ जानेवारी १९४१ च्या नाझी नेता मार्टिन बोरमानच्या परिपत्रकाने तिला 'ज्यूंची अक्षरं' ठरवून सरकारी वापरातून हटवलं. या आरोपाला इतिहासात काहीच आधार नाही. व्यापलेल्या देशांतल्या लोकांना ती वाचता येत नव्हती, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं.

गणितात मात्र ती अखंड टिकली: 'ली बीजगणित' ही गणितातली एक रचना आजही फ्राक्टूरमधल्या छोट्या 'जी'ने दाखवतात.