हातवारे आणि बोलणे यांचा मेळ (स्वमग्न मुलांमध्ये)

कानावर पडलेला शब्द आणि त्याच क्षणी दिसलेली हाताची खूण यांतून मेंदू एकच अर्थ घडवतो, त्या क्रियेला हा मेळ म्हणतात. आवाज श्रवणकेंद्रात पोहोचतो, हालचाल दृष्टिकेंद्रात. टेम्पोरल लोबच्या (मेंदूचा कानाजवळचा भाग) मागील भागातल्या वरच्या खाचेत दोन्ही एकत्र येतात, आणि अर्थ जुळवण्यात डाव्या फ्रंटल लोबचा (कपाळामागचा भाग) खालचा भाग सहभागी होतो. खूण शब्दाशी विसंगत असेल, तर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ईईजीमध्ये (मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदीत) वेगळी लहर उमटते.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या अनेक मुलांना दोन्ही गोष्टी सुट्या कळतात, अडते ते एकत्र येताना. २०१२ च्या एका एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणारे स्कॅन) अभ्यासात बोलण्याच्या लयीत हात हलताना पाहून इतर मुलांच्या टेम्पोरल भागातील सक्रियता वाढली, तर स्वमग्न मुलांत दृष्टिकेंद्राची. हात दिसला, पण शब्दाला चिकटला नाही. अशा मुलाला हट्टी ठरवणे चूक आहे. २०१० च्या एका अभ्यासात स्वमग्न किशोरवयीन मुलांचे हातवारे संख्येने कमी नव्हते, पण ते शब्दांसोबत नीट एकाच वेळी येत नव्हते. त्यामुळे नुसते हातवारे मोजून फारसे कळत नाही.

खानदेशात याला आणखी एक पदर आहे. घरी अहिराणीत ‘आठे ये’, अंगणवाडीत ‘इकडे ये’. शब्द बदलतो, बोलावणारा हात तोच राहतो. म्हणून खूण दोन बोलींमधला पूल होऊ शकते, मात्र ती शब्दासोबतच यायला हवी. ‘भाकर’ म्हणतानाच तळहात थापावेत, आधी किंवा नंतर नाही. एका वेळी एक शब्द, एक खूण, मग ५ ते १० सेकंद शांत थांबावे. घाईने पुन्हा विचारले, तर जुळणी पहिल्यापासून सुरू करावी लागू शकते. खूण करणारी व्यक्ती खिडकीकडे पाठ करून बसल्यास उजेड तिच्या मागून येतो आणि हात काळा दिसतो. काही मुलांचे लक्ष बांगड्यांच्या किणकिणीकडेच जाते. लांबच्या केळीच्या घडाकडे बोट दाखवले, तर मूल बोटाकडेच पाहत राहू शकते. म्हणून आधी वस्तूला बोट लावून नाव घ्यावे, अंतर हळूहळू वाढवावे. डोळ्यांत बघण्याची सक्ती करू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. शंका आल्यास आधी ऐकण्याची चाचणी घ्यावी. मग फक्त शब्द, फक्त खूण आणि दोन्ही एकत्र अशा तीन रीतींनी तीच सूचना द्यावी, आणि घरात अहिराणी असेल तर अहिराणीतच.